बिळातला चेहरा

समुद्राच्या तळाशी काही वर्षं राहिलेला दगड हातात घेतला की आधी त्याचा वास येतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडपाला येतो तोच: ओला, खारट, शेवाळाचा. मी मालवणची. हा वास मला कुणी समजावून द्यावा लागत नाही. अटलांटात राहायला आल्यावर समुद्र गाडीने चार तासांवर गेला, आणि तेव्हापासून घरात खाऱ्या पाण्याचा एक टँक आहे. नवऱ्याला गोड्या पाण्यातल्या गप्पी माशांवर भागलं असतं. मला खारं पाणीच हवं होतं, आणि त्यात खरा, समुद्रात वाढलेला दगड हवा होता.

या दगडाला इथे लाइव्ह रॉक म्हणतात. दगड अर्थातच निर्जीव, चुनखडीचा. जिवंत असतं ते त्याच्यावरचं आणि त्याच्या आतलं. पूर्वी हे दगड थेट प्रवाळांच्या परिसरातून फोडून आणत. फ्लोरिडाने आपल्या हद्दीतल्या समुद्रात १९८९ मध्ये ते बंद केलं, आणि नव्वदच्या दशकात त्यापुढच्या अमेरिकी संघराज्याच्या हद्दीतही ते थांबलं. आता तिथे दगडांची शेती होते. जमिनीवरच्या खाणीतून चुनखडी काढायची, बोटीने नेऊन भाड्याने घेतलेल्या समुद्रतळावर ओतायची, आणि वाट पाहायची. बाकीचं समुद्र करतो. स्पंज चढतात, नळीतले किडे घरं बांधतात, गुलाबी चुनखडी शेवाळ थर धरतं, शिंपले दगड पोखरून आत शिरतात. काही वर्षांनी पाणबुडे तोच दगड वर काढतात, तेव्हा त्याचा मूळ पांढरा रंग शोधूनही सापडत नाही.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. आपल्याकडे सगळे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. मालवणचा समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथल्या खडपातून टँकसाठी प्रवाळ चिकटलेला दगड उचलणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. मी लिहिते आहे ते फ्लोरिडात शेती करून काढलेल्या दगडाबद्दल.

माझे दगड फ्लोरिडातल्या टॅम्पाकडून विमानाने आले, पिशव्यांत थोड्या पाण्यासह बांधलेले. असे दगड आले की लगेच मोठ्या टँकमध्ये टाकत नाहीत. प्रवासात काही स्पंज, काही किडे मरतात. ते कुजले की अमोनिया तयार होतो आणि अमोनिया माशांना मारतो. म्हणून दगड आधी वेगळ्या टँकमध्ये ठेवायचे, हीटर आणि पंप चालू ठेवायचा, पाणी बदलत राहायचं. दगडावरचेच जीवाणू हळूहळू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. या मुरवण्याला क्युअरिंग म्हणतात. पाण्याच्या चाचण्या स्वच्छ येईपर्यंत मोठ्या टँकमधल्या क्लाउनफिशच्या जोडीचा, कोळंबीचा आणि शंखातल्या खेकड्यांचा या दगडांशी काही संबंध नसतो.

दगडासोबत न मागितलेले जीव येतात हे या छंदातल्या प्रत्येकाला माहीत असतं. त्यांना हिचहायकर म्हणायची पद्धत आहे. मेक्सिकोच्या आखातातल्या दगडातून केसाळ पायांचे खेकडे येतात, ठिसूळ तारामासे येतात, टिकटिक आवाज करणारी पिस्तूल कोळंबी येते, आणि मॅन्टिस श्रिम्प येतो, ज्याच्या पुढच्या पायाचा फटका शंख फोडतो. मासा मात्र क्वचित येतो. दगड पाण्याबाहेर निघताना मासे पळून जातात. जो पळायच्या ऐवजी आणखी आत शिरतो, तोच येतो.

क्युअरिंगच्या टँकमध्ये एका दगडाला बोटभर जाडीचं गोल भोक होतं, कधीतरी एखाद्या पोखरणाऱ्या शिंपल्याने केलेलं. शिंपला मेला, भोक उरलं. त्या भोकात एका संध्याकाळी दोन डोळे दिसले. डोक्याच्या अगदी वर बसलेले, आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशांना फिरणारे. मी खुर्ची पुढे ओढली आणि डोळे आत गेले.

खेकडा नव्हता. खेकड्याचे डोळे दांड्यांवर असतात. मॅन्टिस श्रिम्पचेही तसेच. हे डोळे डोक्यात बसवलेले होते, त्यांच्याखाली ओठ होते, आणि ओठ उघडमीट करत होते, कल्ल्यांतून पाणी सोडण्यासाठी. मासाच.

आता पहिली भीती टोडफिशची. आखाती टोडफिश, शास्त्रीय नाव ऑप्सॅनस बीटा, हा त्या किनाऱ्यावरचा अगदी नेहमीचा मासा आहे आणि लाइव्ह रॉकमधून तो येतो. रुंद चपटं डोकं, कानापर्यंत गेलेलं तोंड, चेहऱ्याभोवती लोंबणाऱ्या कातडीच्या झालरी, अंगावर खवले नाहीत. दगडाच्या फटीत बसून समोरून जाणारी कोळंबी, खेकडा, छोटा मासा, जे तोंडात मावेल ते गिळतो. पिल्लू असताना बोटाएवढा असतो, वाढला की फूटभर होतो. घरच्या टँकमध्ये टोडफिश म्हणजे एकेक करून बाकीचे सगळे नाहीसे होणं.

तरी टोडफिशबद्दल मला कौतुक आहे, ते इथे न सांगता पुढे जाववत नाही. या माशाचा नर गातो. वाताशयाच्या, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीच्या, भोवतीचे स्नायू सेकंदाला शेकडोच्या घरात आकुंचन पावतात, पृष्ठवंशी प्राण्यांत इतके जलद स्नायू फार थोडे, आणि त्यातून बोटीच्या भोंग्याचा वाटावा असा आवाज निघतो. तो ऐकून मादी येते, घरट्यात अंडी घालते आणि निघून जाते. अंडी आणि पिल्लं नर सांभाळतो. याचाच उत्तरेकडचा भाऊबंद, ऑयस्टर टोडफिश, १९९८ मध्ये अमेरिकी स्पेस शटलमधून अवकाशात गेला. त्याच्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा बरीचशी आपल्यासारखी चालते, म्हणून गुरुत्वाकर्षण नसताना ती काय करते ते शास्त्रज्ञांना पाहायचं होतं. असा मासा टँकमध्ये ठेवता येत नाही म्हणून तो वाईट ठरत नाही. पण तो टोडफिश असला, तर त्याला वेगळा टँक लागणार होता, आणि तो कुणी द्यायचा ते आधी ठरवावं लागणार होतं.

अशा वेळी मिळणारा सल्ला ठरलेला असतो. दगड बाहेर काढ, गोड्या पाण्यात बुडव, किंवा दुप्पट मीठ घातलेल्या पाण्यात धर, आत जे असेल ते बाहेर येईल. येतं खरं. पण त्यासोबत दगडावरचे किडे, ठिसूळ तारामासे, स्पंज, ज्यांच्यासाठी हा दगड मागवला ते सगळे मरतात किंवा अर्धमेले होतात. आणि बाहेर आलेला मासा बादलीत तडफडत असताना तो कोण हे कुणी विचारत नाही. मला हा सल्ला कधीच पटला नाही. ज्या जीवाला मी बोलावलं नाही, त्यानेही मला निवडलेलं नाही. त्याचं बीळ ज्या दगडात होतं तो दगड माझ्यासाठी उचलला गेला. निदान तो कोण आहे हे कळेपर्यंत त्याला हात लावू नये, एवढं तरी मी त्याचं देणं लागते.

आणि घाई कशासाठी? दगड क्युअर व्हायला अजून वेळ होता. त्या टँकमध्ये दुसरा मासा नव्हता, ज्याला तो खाईल. काच होती, खुर्ची होती, रात्र होती.

रात्री पाहायचं तर लाल प्रकाशात पाहावं. लाल रंग समुद्राच्या पाण्यात पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, त्यामुळे समुद्रातल्या बऱ्याच जीवांच्या डोळ्यांना तो फारसा जाणवत नाही. टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधला की ते आपल्याला दिसतात आणि आपण त्यांना जवळजवळ दिसत नाही. दिवे बंद झाल्यावर टँकमध्ये दुसरंच गाव जागं होतं. किडे बिळातून हातभर बाहेर येतात, खेकडे फिरायला लागतात, कोपऱ्यातून टिक, टिक असा कोरडा आवाज येतो. या सगळ्यात तो गोल भोकाच्या तोंडाशी बसलेला असायचा. शेपटी आत, डोकं बाहेर. कधी बाहेर पडलाच तर परत जाताना आधी शेपूट आत घालायचा, मग उलटा सरकत जायचा. चेहरा कायम जगाकडे.

बाहेर पडला तेव्हा पहिली खूण मिळाली. तो पोहत नव्हता. एका दगडावरून दुसऱ्यावर उडी मारायचा, टेकायचा, पुन्हा उडी. ज्या माशाला वाताशय असतं तो पाण्यात अधांतरी थांबू शकतो. याला थांबायचं असेल तर टेकावं लागत होतं. म्हणजे वाताशय नाही, किंवा नावापुरतं. असे तळाशी राहणारे छोटे मासे म्हटले की दोन मोठी घराणी समोर येतात: गोबी आणि ब्लेनी. टोडफिशही तळाशीच असतो, पण तो जड असतो, पडून राहतो. या माशाची चपळाई पाहिली आणि पोटातला गोळा थोडा सैल झाला. थोडाच. टोडफिशचं पिल्लू किती चपळ असतं हे मी काही पाहिलेलं नव्हतं.

गोबी आणि ब्लेनी यांच्यातला फरक पाहायला मासा खालून आणि बाजूने दिसला पाहिजे. गोबीच्या पाठीवर दोन वेगळे पर असतात, मध्ये फट. ब्लेनीच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत जाणारा एकच लांब पर. गोबीचे पोटाखालचे दोन पर बहुतेक वेळा जुळून त्यांची वाटी झालेली असते, तिच्या जोरावर तो दगडाला चिकटतो. आपल्याकडच्या खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्याच्या पोटाखाली हीच वाटी असते, कारण तोही गोबींच्याच गोतावळ्यातला. ब्लेनीचे मात्र हे पर गळ्याखाली, पुढे सरकलेले, दोन सुट्या बारीक काड्या असतात. ब्लेनी दगडावर बसते ती या काड्यांवर टेकून.

तो काचेवर येऊन बसला तेव्हा मला गळ्याखालच्या दोन काड्या स्पष्ट दिसल्या. वाटी नव्हती. आणि पाठीवरचा पर मधे कुठे तुटलेला नव्हता. ब्लेनीसारखा मासा, इथवर आले.

इथवर येऊन थांबावं असं कुणालाही वाटेल. ब्लेनी म्हटलं की छंदातल्या लोकांच्या चेहऱ्यावर हसू येतं, कारण दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच ब्लेनी शेवाळ खाणाऱ्या आणि स्वभावाने गमतीशीर असतात. पण आपण ज्यांना सरसकट ब्लेनी म्हणतो त्यांत बरीच कुळं येतात. कंगव्यासारखे दात असलेल्या ब्लेनींच्या एकट्या कुळातच सुमारे चारशे जाती आहेत, आणि त्यातही सगळे शाकाहारी नाहीत. हिंदी आणि प्रशांत महासागरात एक ब्लेनी आहे, जी सफाई करणाऱ्या रास नावाच्या माशाचं हुबेहूब सोंग घेते. अंगावरचे परजीवी काढून घ्यायला मोठा मासा विश्वासाने थांबतो, आणि ती त्याच्या पराचा लचका तोडते. आखातात ती नाही, पण तिथे केसाळ ब्लेनी आहे, लॅब्रिसोमस. तिचं कूळ वेगळं. ती खेकडे, कोळंबी, शंख खाते, मोठी होते, आणि वाटेत आलेला छोटा मासाही सोडत नाही. दगडांच्या फटींतच राहते. आणि तिच्याही मानेवर केस असतात.

तिच्याही, असं म्हणते, कारण तोवर मला या माशाच्या मानेवरचे केस दिसले होते. डोळ्यांच्या मधून सुरू होऊन पाठीच्या परापर्यंत, डोक्याच्या बरोबर मध्यरेषेवर, बारीक कातडी तंतूंची एक ओळ. पंपाच्या प्रवाहात ती हलायची.

फोटोशिवाय पुढे जाणं शक्य नव्हतं. टँकवरचे दिवे निळे असतात, त्यात सगळेच मासे निळे-जांभळे येतात. म्हणून पांढरा दिवा लावला, फ्लॅश बंद, फोन काचेला अगदी काटकोनात, आणि एका दाबात ओळीने खूप फोटो. त्यांतले बहुतेक धूसर. रंग पाहायचा नाही हे मनाशी पक्कं केलं होतं. ब्लेनी बसल्या जागेप्रमाणे आणि मनःस्थितीप्रमाणे रंग बदलतात. दगडावर तपकिरी पट्ट्यांचा दिसलेला तोच मासा वाळूवर फिकट करडा होतो, घाबरला तर ठिपक्याठिपक्यांचा. रंगावरून मासा ओळखायला जाणारे सगळ्यात आधी फसतात. हाडं आणि काटे बदलत नाहीत.

हे ज्याने जगाला शिकवलं त्याची गोष्ट मला फार जवळची वाटते. पीटर आर्टेडी, स्वीडनचा. जीवांना शास्त्रीय नावं द्यायची आजची पद्धत घालून देणाऱ्या लिनिअसचा विद्यार्थिदशेतला मित्र. उप्सालाच्या विद्यापीठात दोघांनी सृष्टीची वाटणीच करून घेतली होती: लिनिअसकडे वनस्पती, आर्टेडीकडे मासे. आणि आपसात ठरवलं होतं की एकजण आधी गेला तर मागे राहिलेल्याने त्याचं काम प्रसिद्ध करायचं. आर्टेडीने माशांच्या परातले काटे मोजायला सुरुवात केली. कोणता काटा टणक, कोणती काडी मऊ, कुठल्या परात किती, हे तो लिहून ठेवायचा, कारण मासा जिवंत असो, मेलेला असो, बरणीतल्या दारूत रंग उडालेला असो, काटे तेवढेच राहतात. १७३५ मध्ये तो ॲमस्टरडॅममध्ये एका धनिकाच्या संग्रहातले मासे लावत होता. रात्री त्याच्या घरून परतताना अंधारात कालव्यात पडला आणि बुडाला. वय तीस. घरमालकाने भाड्यापोटी अडवून ठेवलेली हस्तलिखितं लिनिअसने सोडवून घेतली आणि १७३८ मध्ये छापली. माशांच्या शास्त्राचा पाया त्या कागदांवर उभा आहे. आजही कोणत्याही माशाचं शास्त्रीय वर्णन उघडलं की पहिल्या ओळींत काट्यांचे आकडे असतात, टणक किती आणि मऊ किती.

तर मला आकडे हवे होते. केसाळ ब्लेनीच्या पाठीवरच्या परात टणक काटे पुष्कळ, साधारण अठरा, आणि मऊ काड्या त्याहून कमी. कंगवादाती ब्लेनींत बहुधा उलट असतं: टणक कमी, मऊ जास्त. एका फोटोत त्याने पाठीवरचा पर पूर्ण ताणलेला होता, मागून दिव्याचा उजेड येत होता, आणि प्रत्येक काटा वेगळा मोजता येत होता. फोटो मोठा करून मी पेन्सिलीच्या टोकाने मोजत गेले. टणक १२. मग परात किंचित खाच. मग मऊ १४, शेवटची काडी दुहेरी असेल तर १५.

लेक शेजारी उभी होती. तिने पुन्हा मोजले. तेवढेच आले.

आणखी दोन गोष्टी जुळवायच्या होत्या. केसाळ ब्लेनीच्या कल्ल्याच्या झाकणावर एक गडद ठिपका असतो, भोवती फिकट कडं. कितीही फोटो चाळले तरी याच्या कल्ल्यावर तसा ठिपका नव्हता. अंगावर खवल्यांच्या ओळीही दिसत नव्हत्या, कातडी गुळगुळीत आणि बुळबुळीत. आता कंगवादात्यांतली कोण? आखातात पिसांसारखे फुटलेले मोठे तंतू डोळ्यांवर असणारी फेदर ब्लेनी आहे, टोकदार तोंडाची फ्लोरिडा ब्लेनी आहे, संगमरवरी नक्षीची सीवीड ब्लेनी आहे. या तिघींच्या डोक्यावर मध्यरेषेतली ती ओळ नसते. ती असते एकाचीच. स्कार्टेला क्रिस्टाटा. फ्लोरिडातले लोक त्याला मॉली मिलर म्हणतात. अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर आणि भूमध्य समुद्रात तो आढळतो, उथळ पाण्यात, लाटा आपटतात त्या दगडांवर, फार तर चार-पाच इंच वाढतो, आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. लिनिअसने १७५८ मध्ये त्याला नाव दिलं. त्यानंतर त्याची प्रजाती, म्हणजे नावातला पहिला शब्द, बदलली, पण डोक्यावरच्या तुऱ्याची ओळख दुसऱ्या शब्दात तशीच राहिली: क्रिस्टाटा म्हणजे तुरेवाला.

नाव कागदावर आलं, तरी मला माशाकडून एकदा खात्री करून घ्यायची होती. तेव्हाच मालवणहून बाबांचा व्हिडिओ कॉल आला. बाबांचं सगळं आयुष्य समुद्राच्या काठाने गेलं. मी फोन काचेसमोर धरला आणि सांगितलं, असा असा पाहुणा आलाय, खाणारा आहे की खाल्ला जाणारा तेच ठरवतेय. बाबांनी नाव विचारलं नाही.

"आदी माका सांग गो, तेचा तोंड खंय आसा? वयर, समोर, की सकल?"

मी पाहिलं. कपाळ जवळजवळ उभं, आणि तोंड अगदी खाली, आडवं, लहान. "सकल," मी म्हटलं.

"मग तो दगड चाटता. तेका भियाक नको."

वर तोंड असलेला मासा वरून जाणाऱ्याला गिळतो, समोर तोंड असलेला पाठलाग करतो, खाली तोंड असलेला तळावर चरतो. शंभर टक्के लागू होईल असा हा नियम नाही, हे बाबाही मान्य करतील. पण मी जे काटे मोजून, कल्ल्याचा ठिपका शोधून, कुळं वेगळी करून गाठलं होतं, तिथे ते तोंडाकडे एकदा बघून पोचले. दोन्ही वाटांनी एकच मासा निघाला याचा मला किती आनंद झाला हे सांगता येत नाही. शास्त्राचे आकडे आणि खडपावर काढलेलं आयुष्य यांची अशी गाठ पडताना मी फार वेळा पाहिलेली नाही.

पुरावा त्याने स्वतःच दिला. टँकच्या मागच्या काचेवर हिरवट थर धरला होता. एका सकाळी त्या थरावर खाली खाली जाणाऱ्या स्वच्छ खुणा दिसल्या, ओठांच्या आकाराच्या, एकीला लागून एक. शेवाळ खरवडणाऱ्या ब्लेनींची ही खूण ओळखीची आहे. खालच्या ओठाशी दातांची दाट रांग असते, तोंड काचेला टेकवून तो झटका देतो आणि तेवढा तुकडा साफ होतो. कोळंबीचा तुकडा काडीला टोचून मी त्याच्या बिळापाशी धरला तेव्हा त्याने वास घेतल्यासारखं केलं, एकदा तोंडात घेतला आणि थुंकला. समुद्रातला शाकाहारी मासाही शेवाळासोबत बारीक किडे गिळतोच, त्यामुळे पुढेमागे तो कोळंबी खाईलही. पण माझ्या क्लाउनफिशना त्याच्यापासून धोका नव्हता.

लेकीने विचारलं होतं, तो इथलाच आहे तर त्याला परत समुद्रात का सोडू नये? प्रश्न रास्त होता. तिला मी लायनफिशबद्दल सांगितलं. आपल्या हिंदी महासागरातला आणि प्रशांत महासागरातला हा देखणा विषारी काट्यांचा मासा १९८५ मध्ये पहिल्यांदा फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ सापडला, कुणाच्या तरी टँकमधून सोडलेला असावा असंच मानतात. आज तो कॅरिबियनपासून आखातापर्यंत सगळीकडे आहे आणि तिथले छोटे मासे फस्त करतो आहे. मॉली मिलर तिथला आहे हे खरं, पण माझ्या टँकचं पाणी, त्यातले दुसऱ्या महासागरातून आलेले जीव, त्यांचे परजीवी आणि रोग तिथले नाहीत. तो एकटा परत जाणार नाही, सोबत काय नेईल ते मला दिसणार नाही. एकदा घरच्या टँकमध्ये आलेला जीव समुद्रात सोडायचा नाही, या नियमाला मी अपवाद करत नाही.

म्हणजे तो आता माझा. हे लिहिताना मला त्यातलं ओझंही जाणवतं. खडपावर त्याला भरती होती, लाटांचा मार होता, कुठल्याशा बिळात मादी असेल. या माशांत अंडी राखणं नराकडे असतं. तो कदाचित ती राखण अर्धी टाकून आला असेल. मी त्याला समुद्र देऊ शकत नाही. पाणी देऊ शकते, पंचवीस-सव्वीस अंशांचं, समुद्राइतक्या खारेपणाचं. जोराचा प्रवाह देऊ शकते, म्हणून मोठ्या टँकमध्ये त्याचा दगड पंपाच्या अगदी समोर ठेवला. दगड बदलला नाही, तोच गोल भोकाचा. झाकणाची जाळी बारीक करून घेतली, कारण ब्लेनी उड्या मारतात आणि घरात जमिनीवर सापडलेला मासा बहुधा उशिराच सापडतो.

क्लाउनफिशची जोडी पहिल्या दिवशी त्याच्यावर धावून गेली. तो बिळात शेपटीकडून शिरला आणि तिथून त्यांच्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्या त्याला विसरल्या. शंखातला एक खेकडा त्याच्या दारातून चालत गेला, तेव्हा त्याने डोक्याने ढकलून त्याला खाली पाडलं, एवढीच काय ती दांडगाई.

शेवाळ साफ करायला म्हणून लॉनमोवर ब्लेनी घ्यायचं माझ्या मनात होतं, दुकानात सांगूनही ठेवलं होतं. ते रद्द केलं. एकाच चराऊ कुरणावर दोन ब्लेनी लहान टँकमध्ये नांदत नाहीत, आणि आधी आलेल्याचा हक्क मोठा. नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापडीचा, तुकडा चिमट्याला लावून रोज देते, तो अजून त्याच्याकडे वळलेला नाही. त्याला काचेवरचंच हवं असतं. म्हणून आता टँकच्या तीन काचा मी घासते आणि मागची तशीच ठेवते.